चार महिन्यांचे रान: वनमंत्र्यांना आणि वन खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख), महाराष्ट्र राज्य, नागपूर

विषय: राखीव वनांतील आणि गायरानांतील पावसाळी मेंढीचराईचे लेखी नियमन करण्याबाबत

महोदय,

मी पारनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. माझे वडील, आजोबा आणि त्यांच्या मागच्या पिढ्या मेंढ्यांमागे चालल्या. धाकटा भाऊ आजही चालतो. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे एकत्र चालणारी पाच-सात बिऱ्हाडे, आळेफाटा आणि ओतूरवरून माळशेज घाट उतरून मुरबाड-भिवंडीकडच्या भातखाचरांवर जातो आणि मृग लागायच्या आत घाट चढून परत येतो. या आठ महिन्यांच्या वाटचालीत त्रास नाहीत असे नाही. महामार्गावर वाहनाखाली मेंढ्या सापडतात, जुन्नरच्या उसातून बिबट्या येतो, रात्री चोर येतात. पण त्या काळात निदान आमची कोणाला तरी गरज असते. सुगी झालेल्या रानात मेंढ्या बसवाव्यात म्हणून शेतकरी स्वतः निरोप धाडतो, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा रोख पैसे देतो आणि वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, लावायला जागाही दाखवतो. हे पत्र त्या आठ महिन्यांविषयी नाही. ते जून ते सप्टेंबर या उरलेल्या चार महिन्यांविषयी आहे.

या चार महिन्यांत आम्ही कोकणात राहू शकत नाही. तिथला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. खूर कुजतात, लोकर दिवसदिवस ओली राहते, कोकरे गारठून मरतात. म्हणून पारनेर, संगमनेर, माण, खटाव, फलटण अशा पर्जन्यछायेतल्या मुलखातच पावसाळा काढावा लागतो. मात्र इकडे आल्यावर शेते पेरलेली असतात, बांधावर पाऊल टाकले तरी भांडण उभे राहते, आणि न पेरलेली जमीन म्हणून दोनच प्रकारची शिल्लक राहते: वन खात्याच्या ताब्यातील माळ आणि गावचे गायरान. आठ महिने ज्या खांडाला, म्हणजे मेंढ्यांच्या कळपाला, बोलावणे येते, तेच खांड चार महिने सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. पाऊस, पीक आणि मेंढीची प्रकृती यांतून ही स्थिती तयार होते. त्यात कोणाचा हट्ट नाही.

ही गोष्ट शासनाला ठाऊक नाही असेही म्हणता येणार नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटकंती करणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांसाठी चराई अनुदान ठेवले आहे, आणि ते नेमके जून ते सप्टेंबर याच चार महिन्यांचे, दरमहा ६,००० रुपयांप्रमाणे एकूण २४,००० रुपये इतके आहे. म्हणजे या चार महिन्यांत मेंढीला चारा नसतो, ही गोष्ट पशुसंवर्धन खात्याने लेखी मान्य केली आहे. या मदतीबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही एक ढोबळ हिशोब मांडणे भाग आहे. मोठी मेंढी दिवसाला साधारण तीन किलो ओला चारा खाते असे धरले, तर शंभर मेंढ्यांना तीनशे किलो लागतो. महिन्याचे सहा हजार म्हणजे दिवसाचे दोनशे रुपये. दोनशे रुपयांत तीनशे किलो ओला चारा राज्यातल्या कोणत्या बाजारात मिळतो, हे मला कोणी दाखवून द्यावे. पैशाने हे रान विकत घेता येत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत, आणि त्यांतल्या फिरत्या मेंढ्यांचा पावसाळा आजही गवतावरच निघतो. प्रश्न एवढाच आहे की ते गवत त्या परवानगीने खातात की चोरून.

आज त्या ते चोरून खातात, किंवा तोंडी परवानगीने खातात, आणि माझ्या अनुभवात या दोहोंत फार फरक नसतो. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या घरी जे घडले ते सांगतो. तालुका, गाव आणि माणूस यांची नावे मी मुद्दाम टाळत आहे, कारण एका वनरक्षकाला धारेवर धरण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. वडील आजारी होते आणि खांडामागे आई होती. आदल्या वर्षी तळ्यामागच्या माळावर चारायला त्या वनरक्षकाने तोंडी होकार दिला होता, म्हणून आईने मेंढ्या तिकडेच वळवल्या. मधल्या काळात तिथे खड्डे घेऊन रोपे लावली गेली होती. कुंपण नव्हते, फलक नव्हता, आणि आम्ही मे अखेरपर्यंत घाटाखाली असल्यामुळे गावात कोणी दवंडी दिली असली तरी ती आमच्या कानांवर येणे शक्य नव्हते. मेंढ्या रोपवनात शिरल्या हे खरे आहे. रोपे खाल्ली गेली, हेही खरे आहे. दिवसभर खांड अडवून ठेवले गेले, ऐन पावसात कोकरे आयांपासून तुटली, आणि संध्याकाळी जी रक्कम देऊन ती सुटली तिची पावती आजतागायत मिळालेली नाही. त्या रकमेपेक्षाही आईला दुसरी गोष्ट लागली. ती विचारत होती, ‘मग कुठं चारायचं ते तरी सांगा,’ आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्या वनरक्षकाजवळ नव्हते. ते त्याच्या साहेबाजवळही नसावे, कारण ते उत्तर कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही.

ते लिहायला कायद्याची आडकाठी आहे का, हे पाहण्यासाठी मी गेल्या काही वर्षांत जमेल तेवढे वाचन केले. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात गुरे चारणे हा गुन्हा आहे, आणि त्याच अधिनियमातील ‘गुरे’ या शब्दाच्या व्याख्येत हत्ती-उंटांपासून मेंढ्या, शेळ्या आणि करडांपर्यंत सगळी जनावरे मोडतात. आम्हाला दाखवले जाते ते हे कलम. मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने किंवा राज्य शासनाने केलेल्या नियमानुसार केलेल्या कृतीला ही मनाई लागू होत नाही, असेही म्हटले आहे. बंदी आणि तिची वाट कायदा करणाऱ्यांनी एकाच कलमात शेजारी शेजारी ठेवली होती. पहिला भाग मला माझ्या लहानपणापासून पाठ आहे. दुसरा भाग मी वयाच्या चाळिशीत वाचला.

अभयारण्यांचीही तीच गोष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३३ ने अभयारण्यातील चराईचे आणि जनावरांच्या ये-जा करण्याचे नियमन, नियंत्रण किंवा मनाई यांपैकी जे वन्यजीवांच्या हिताचे असेल ते करण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना दिला आहे, आणि कलम २९ चे स्पष्टीकरण सांगते की अशा रीतीने परवानगी दिलेली चराई ही त्या कलमाखाली प्रतिबंधित कृती मानली जाणार नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानेही चराईचा हक्क मोडीत काढला नाही. तो वनाच्या धारणक्षमतेशी जोडावा आणि पुरेसे चराई शुल्क घ्यावे, असे म्हटले. धारणक्षमता ठरवा, शुल्क घ्या, परवानगी लिहून द्या: यात मेंढपाळाने नाकारावे असे काहीच नाही. आम्ही नियमाला विरोध करतो हा समज इतका मुरला आहे की, आम्ही नियम मागायला आलो तरी समोरच्याला ते खरे वाटत नाही.

नाही म्हणायला या गोष्टीचा इतिहास जुना आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर गावांची राने एकामागून एक सरकारी झाली, आणि जोतिराव फुल्यांनी १८८३ च्या सुमारास वन खात्याने शेरडामेंढरांच्या तोंडचे रान कसे काढून घेतले याबद्दल अतिशय कडक शब्दांत लिहिले. तेव्हाचे सरकार परके होते. आजच्या सरकारकडे तेच गाऱ्हाणे घेऊन जावे लागते आणि तेही जवळपास त्याच शब्दांत, याचा मला खेद वाटतो.

आता २००६ च्या वनहक्क कायद्याकडे येतो, कारण या कायद्याने जे आश्वासन दिले ते राज्यात सर्वांत कमी पाळले गेले. कलम ३(१)(घ) मध्ये स्थायी आणि स्थलांतरित अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा, तसेच भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदवला आहे. २००८ च्या नियमांतील बारावा नियम तर असे सांगतो की पशुपालक आणि भटक्या जमातींच्या दाव्यांची पडताळणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी उपस्थित असतील अशाच वेळी करावी. लिहिणाऱ्याला आमची दिवाळी आणि आमचा मृग नक्की ठाऊक असला पाहिजे. प्रत्यक्षात मात्र वनहक्क समित्यांच्या बैठका उन्हाळ्यात होतात, तेव्हा आमची पाले घाटाखाली असतात. आणि इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, प्रामुख्याने तिथेच वास्तव्य असल्याचे पुरावे द्यावे लागतात. वर्षातले आठ महिने जो चालत असतो त्याने ‘प्रामुख्याने वास्तव्य’ कोणत्या गावचे दाखवायचे, हा प्रश्न कायद्याच्या मजकुरात सुटलेला आहे आणि कचेरीच्या खिडकीवर अडकलेला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला याचा मला मनापासून अभिमान आहे. फक्त नावातच मेंढा असलेल्या गावाला जे मिळाले ते प्रत्यक्ष मेंढ्या असलेल्यांच्या वाट्याला का येऊ नये, असे अधूनमधून मनात येऊन जाते. (धनगर समाजाच्या आरक्षणाचा प्रश्न वेगळा आहे. तो या पत्रात कृपया मिसळू नये. चराईचा हक्क त्या निकालावर थांबलेला नाही.)

आता खात्याच्या बाजूचे म्हणणे, कारण ते ऐकून न घेता हे पत्र लिहिले तर ते अर्धवट राहील. अतिचराईने माळ उघडे पडतात, ही गोष्ट मी नाकारत नाही. एकाच माळावर चार वाडे महिनाभर बसले तर गवताचे बुडखेसुद्धा उरत नाहीत, आणि पावसाच्या पहिल्या सरीत माती ओढ्याला लागते; हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मेंढ्यांचे रोग काळविटांना आणि चिंकाऱ्यांना होऊ शकतात, वाड्यासोबतची कुत्री ससे मारतात, हेही आक्षेप खोटे नाहीत. पण चार वाडे एकाच माळावर का येतात, हेही विचारले गेले पाहिजे. उरलेले तीन माळ बंद झाले म्हणून ते येतात. सगळीकडे बंदी आणि कुठेतरी डोळेझाक, अशी व्यवस्था असली की जिथे डोळेझाक होते तिथेच सगळी खांडे लोटतात, आणि तिथला माळ बोडका झाला की त्याचाच दाखला देऊन पुढची बंदी घातली जाते.

गवताविषयी आमच्या लोकांना जे कळते ते थोडे सांगितले तर अप्रस्तुत ठरणार नाही. आमच्या माळांवर पवना, मारवेल, शेडा, डोंगरी आणि कुसळी ही गवते असतात. त्यांतली कुसळी कोवळी असताना मेंढी आवडीने खाते, पण कुसळे सुटली की ती लोकरीतून कातडीत शिरतात, डोळ्यांत आणि तोंडात टोचतात, जखमा होतात. म्हणून कुसळ सुटायच्या आत कुसळीचे माळ चारून घ्यायचे आणि मग मारवेल-पवन्याकडे वळायचे, पाऊस लांबला तर ओढ्याकाठच्या हिवर-बाभळींचा पाला आणि पुढे शेंगा धरायच्या, असा क्रम जुनी माणसे पाळत आली. हा क्रम म्हणजेच फिरती चराई आहे, फक्त तो इंग्रजी अहवालात लिहिलेला नाही. एखादा कक्ष, म्हणजे वन खात्याने नकाशावर आखलेला रानाचा तुकडा, जुलैत तीन आठवडे चारून पुढे दोन महिने मोकळा ठेवला तर ऑक्टोबरात तिथे गावकऱ्यांना कापायला गवत मिळते. उलट तो पाच वर्षे सलग बंद ठेवला तर गवत जरड होते, वाळून आडवे पडते, आणि वणव्याचे भय वाढते. जाळरेषांवर, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांवर, खाते दरवर्षी श्रम आणि पैसा खर्च करते. त्यातले काही काम मेंढीच्या तोंडाने फुकट होऊ शकते, एवढेच सुचवतो.

यातली मुळातली अडचण अशी की हे माळ गवताचे आहेत हेच मान्य केले गेलेले नाही. सरकारी नकाशांत ते ‘पडीक’ म्हणून रंगवले जातात, आणि पडीक जमिनीवर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात अनुक्रमे दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी वृक्ष लावण्याची उद्दिष्टे ठेवली गेली. इतकी झाडे लावायला जागा कुठून आणायची, हा प्रश्न ज्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. जागा माळांवर सापडली. तिथे सलग समतल चर खणले गेले (मराठीचा खेळ असा की चर आले आणि चरणे संपले), खड्ड्यांत रोपे आली, त्यांतली कितीतरी मुरमाड जमिनीत दोन उन्हाळेही टिकली नाहीत, पण बंदी मात्र टिकली. अलीकडे अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांतील आणि लोकपरंपरेतील झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून असे दाखवून दिले आहे की पश्चिम महाराष्ट्राचा हा प्रदेश शेकडो वर्षांपूर्वीही काटेरी झाडांचा, मोकळ्या गवताचाच होता. तोडून उजाड केलेले ते घनदाट अरण्य नव्हे. हिवरी, बाभुळगाव, बोरगाव, पळसदेव अशी आमच्या गावांची नावेही तेच सांगत नाहीत का?

माळढोकाची गोष्ट या संदर्भात आठवते. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात शेते, गावे, शहरेही आली, लोकांचे व्यवहार अडले, रोष वाढत गेला आणि अखेर ते १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. तोवर पक्षी जवळजवळ नाहीसा झाला होता. इतकी मोठी रेघ कागदावर ओढून जे साधले नाही, ते याच अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या आसपासच्या गवताची, तिथल्या शेतकऱ्याची आणि मेंढपाळाची नीट सांगड घालून साधले असते की नाही, हे आता कोणी सांगू शकणार नाही. लांडग्याच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. लांडग्याशी आमचे वैर पिढ्यांचे आहे, तो कोकरे नेतो आणि आम्ही त्याच्या नावाने बोटे मोडतो. पण तो टिकला आहे तो याच माळांवर, बऱ्याच अंशी आमच्याच खांडांवर. कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वन खात्याने गवताळ माळांची सफारी सुरू केली, याचे मी स्वागत करतो, कारण त्या निमित्ताने माळाला निदान कोणीतरी ‘पाहण्याजोगा’ म्हटले. पर्यटकाच्या गाडीसाठी वेळ, मार्ग, संख्या आणि शुल्क ठरवून पावती देता येते. खांडासाठीही वेळ, मार्ग, संख्या आणि शुल्क ठरवून पावती देता यावी, एवढीच माझी मागणी आहे आणि ती या उदाहरणाने अधिक सोपी होते.

परदेशातले दाखले देण्याची मला फारशी हौस नाही, पण एक देतो, कारण चराईचे नियमन म्हणताच अधिकारीवर्गाच्या डोळ्यांपुढे अराजक उभे राहते. अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारी माळांवरची चराई १९३४ च्या टेलर कायद्यापासून परवान्यावर चालते. परवाना सर्वसाधारणपणे दहा वर्षांचा असतो, जनावरांची संख्या आणि हंगाम त्यात नमूद असतो, आणि शुल्काचे एकक असे की एक गाय-वासरू किंवा पाच मेंढ्या यांचा एक महिन्याचा चारा; २०१९ ते २०२५ अशी सलग सात वर्षे हे शुल्क एका एककाला १.३५ डॉलर होते. ती व्यवस्था निर्दोष नाही. तिथले शुल्क खासगी कुरणांच्या भाड्यापेक्षा फारच कमी असल्याची टीका जुनी आहे, आणि नेवाडातील क्लायव्हन बंडी या पशुपालकाने वाळवंटी कासवांच्या रक्षणासाठी घातलेल्या अटी नाकारून १९९३ पासून शुल्क भरणे थांबवले, तेव्हा २०१४ साली प्रकरण बंदुका रोखण्यापर्यंत गेले. त्यांचे हजारो एकरांचे धनी आणि आमचे शंभर मेंढ्यांचे धनगर यांची तुलना होत नाही, हेही मला कळते. पण तिथे भांडण आहे ते परवान्यातील अटींवर आणि शुल्कावर. आमच्याकडे भांडायलासुद्धा कागद नाही. इतक्या दूर जायचे नसेल तर हिमाचल प्रदेशात गद्दी मेंढपाळांना वन खातेच चराईचे परवाने देते, ते पाहता येईल.

गायरानांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो विषय मुख्यतः महसूल खात्याचा आहे. तरी आपण मंत्रिमंडळात एकत्र बसता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २३ नुसार मोफत कुरणावर चरण्याचा हक्क फक्त त्या त्या गावच्या गुरांपुरता आहे. म्हणजे चालत्या खांडाला वाटेवरच्या एकाही गायरानावर कायद्याने पाय ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, त्यानंतर राज्यानेही शासन निर्णय काढला. तरीही उरलेसुरले गायरान कधी वसाहतीसाठी, कधी सौर प्रकल्पासाठी कमी होत चालले आहे. विजेला माझा विरोध नाही, शाळेत पंखे तिच्यावरच चालतात. गायरान देताना त्यावर गावाबाहेरच्या खांडांचाही हंगामी वावर होता, ही नोंद तरी कुठेतरी व्हावी. सुदैवाने २०२४ अखेरीस सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी मोजणी प्रथमच घेण्यात आली आहे, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. वर्ष जाहीर झाले की चर्चासत्रे होतात, फेटे बांधले जातात, घोंगडी भेट दिली जाते. आम्हाला त्याऐवजी पुढील गोष्टी हव्या आहेत.

ज्या वनपरिक्षेत्रांत पावसाळी चराई होते, तिथे प्रत्येक परिक्षेत्राने मे महिना संपायच्या आत एक चराई पत्रक प्रसिद्ध करावे. त्यात कोणते कक्ष रोपवनामुळे बंद आहेत आणि किती वर्षांनी उघडतील, कोणते कक्ष कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खुले आहेत आणि तिथे जास्तीत जास्त किती मेंढ्या चरू शकतात, हे स्पष्ट असावे. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे आणि फोनवरही पाठवता येईल अशा स्वरूपात असावे, कारण मे महिन्यात आम्ही गावात नसतो पण फोन खिशात असतो. ज्या माळांवर मुळात झाडे कधी नव्हती, तिथे यापुढे रोपवन न घेता गवताचीच जोपासना करावी, आणि कोणता माळ कोणता हे ठरवताना वनस्पतिशास्त्रज्ञाच्या शेजारी एखादा म्हातारा मेंढपाळही बसवावा. कलम २६ मधील लेखी परवानगीचा आधार घेऊन प्रत्येक वाड्याला निदान पाच वर्षांचा हंगामी परवाना द्यावा, तो नवरा-बायको दोघांच्या नावे असावा (माझ्या आईचे नाव त्या दिवशी कोणत्याच कागदावर नव्हते), त्यासाठी वाजवी शुल्क घ्यावे आणि शुल्काची व दंडाची दोन्हींची पावती जागेवर द्यावी. परवान्याला पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा एक साथीचा रोग) व इतर रोगांवरच्या लसीकरणाची आणि कुत्र्यांच्या लसीकरणाची अट घालावी. ती आम्ही पाळू, मात्र लस टोचणारा पशुवैद्यक वाड्यापर्यंत आला पाहिजे. जो अट मोडेल त्याचा परवाना रद्द करावा. शंभर प्रामाणिक वाडे अशा कारवाईच्या बाजूने उभे राहतील, कारण एका वाड्याच्या चुकीची झळ आजवर सगळ्यांनाच बसत आली आहे.

वनहक्काच्या दाव्यांसाठी जिल्हास्तरीय समित्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे आम्ही गावी असताना, खास बैठका घ्याव्यात आणि ज्या वाड्यांचे रान दोन-तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे त्यांचे दावे एकत्र ऐकावेत. कलम २३ मधील ‘त्या गावच्या गुरांपुरता’ ही मर्यादा ठराविक हंगामात आणि ग्रामसभेच्या संमतीने शिथिल करता यावी, यासाठी महसूल खात्याशी आपण बोलावे.

हे सगळे एका वर्षात होणार नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून पहिल्या वर्षापुरती एकच विनंती करतो: पारनेर आणि संगमनेर या दोन तालुक्यांपुरते चराई पत्रक येत्या मृगापूर्वी काढावे. कक्षांचे नकाशे खात्याकडे आहेत, कोणत्या माळावर कोणते गवत आहे हे आम्ही चालून दाखवू, आणि पत्रकाचा मसुदा तयार करण्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी परिक्षेत्र कार्यालयात विनामोबदला बसायला तयार आहे. भाऊ यंदाही जूनच्या पहिल्या आठवड्यात घाट चढून येईल, आणि ओतूरपाशी पोहोचला की नेहमीप्रमाणे फोन करून मला विचारेल की औंदा कोणते रान मोकळे आहे.

आपला विश्वासू,
पारनेर तालुक्यातील एका मेंढपाळ कुटुंबातील शिक्षक